सुपारीच्या बेटावरचा बांगडा

आमच्या घरात परदेशवारीचा विषय निघाला की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं असतं: "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." २०२४ च्या दिवाळीआधी मात्र नवऱ्याने सहज वाचून दाखवलं, की मलेशियात पिनांग नावाचं एक बेट आहे आणि मलय भाषेत पिनांग म्हणजे सुपारी. सासूबाईंचं माहेर श्रीवर्धनचं. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, अंगणभर वाळत घातलेली सुपारी, हे सगळं त्यांच्या बोलण्यात अजून रोज असतं. त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"सुपारीचं बेट? मग पोफळी असतील की तिथे."

लग्नासाठी मागणी घालण्याला मलयमध्ये 'मेमिनांग' म्हणतात आणि तो शब्द याच सुपारीवरून आलाय, हे कळल्यावर त्यांची खात्रीच पटली. आपल्याकडे सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं, त्यांच्याकडेही तेच. माणसं आपल्यातलीच दिसतात, एकदा बघून यायला हरकत नाही. एवढं झाल्यावर मी उशीर केला नाही, त्याच रात्री तिकिटं काढली. लेकीच्या शाळेला दोन दिवस दांडी मारायची, तिथल्या जॉर्जटाऊन गावात तीन रात्री राहायचं, बघणं जमेल तेवढं, पण खाणं चुकवायचं नाही, असा बेत.

"मधे त्रिपुरी पौर्णिमा येते," सासूबाईंनी कालनिर्णय उघडून बजावलं. "त्या दिवशी मासे नाहीत. बाकी दिवस माझी काळजी करू नका."

जाण्याची खटपट फारशी नव्हती. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीय प्रवाशांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला होता. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक आगमनपत्र ऑनलाइन भरायचं, बस. आम्ही मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून रेल्वेने बटरवर्थ असे गेलो. (चेन्नईहून पिनांगला थेट विमान सुरू झालं ते आम्ही परत आल्यावर साधारण महिन्याभराने. आमचं नशीब नेहमी असंच.) रेल्वे चार तास घेते आणि मुख्य भूमीवर थांबते, जॉर्जटाऊन समोरच्या बेटावर. मधल्या समुद्रावर १९८५ पासून साडेतेरा किलोमीटरचा पूल आहे, पण ज्याला घाई नाही त्याने फेरीबोटीनेच जावं. १८९४ पासून ही फेरी चालू आहे. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. सासूबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या, खारा वारा तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, "आगरदांड्याहून दिघीला जातो तशीच की." त्यांच्या पिशवीत दिवाळीच्या फराळातून उरलेला बेसनाच्या लाडवांचा डबा होता. तिकडे काय मिळेल, काय नाही!

काय नाही मिळत, हा प्रश्न विचारणं सोपं ठरलं असतं. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने केदाहच्या सुलतानाच्या मुलखातलं हे बेट ताब्यात घेतलं, तिसऱ्या जॉर्ज राजाचं नाव गावाला दिलं आणि बंदर जकातमुक्त ठेवलं. जकात नाही म्हटल्यावर जग लोटलं. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे होक्कियन, तिओच्यू, कँटोनी, हायनानी. तमिळ मुसलमान व्यापारी आणि हमाल. आजूबाजूचे मलय, सयामी. यांतले बरेचसे एकटे पुरुष होते, दिवसभर बंदरात राबणारे, आणि त्यांना घरच्यासारखं पण स्वस्त आणि झटपट जेवण हवं होतं. पिनांगच्या खाण्याचा पाया त्या भुकेत आहे. म्हणून इथले नावाजलेले पदार्थ मेजवानीचे नाहीत, गाडीवरचे आहेत. २००८ मध्ये मलाक्कासह जॉर्जटाऊनला युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. पण संध्याकाळी पाच वाजता कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तर लोक वारसा कशाला म्हणतात ते नाकाला कळतं.

इथे जेवायचे काही रिवाज आहेत, ते आधी माहीत असलेले बरे. 'कोपीतियाम' म्हणजे कॉफीचं दुकान. 'कोपी' हा मलय शब्द, 'तियाम' होक्कियन. दुकानाचा मालक फक्त चहा-कॉफी-सरबत विकतो. आतल्या आणि बाहेरच्या गाड्या वेगवेगळ्या लोकांच्या, आणि बहुतेक गाडीवर एकच पदार्थ. आधी टेबल धरायचं, मग एकेका गाडीवर जाऊन मागणी सांगायची आणि टेबलाचा नंबर द्यायचा. पदार्थ टेबलावर आला की तिथेच पैसे. पेय मात्र दुकानदाराकडूनच घ्यायचं. टेबल त्याचं असतं ना. काही ठिकाणी पेय न घेणाऱ्याला जादा आकार लागेल अशी पाटीच असते. गाडीवाल्याला काकाच्या वयाचा असेल तर 'अंकल', बाई असेल तर 'आंटी' म्हणायचं. तमिळ मुसलमानाच्या हॉटेलात नोकर आपल्याला 'बॉस' म्हणतो, आपणही त्याला 'बॉस' म्हणायचं. बांधून हवं तर 'तापाव'. आणि कुठली गाडी कधी उघडते, कुठल्या वारी बंद असते, याला काही नियम नाही. कोणी सकाळी सात ते अकरा, कोणी संध्याकाळी चारनंतर, आणि माल संपला की सगळे घरी. पुण्यातल्या दुकानदारांना उगीच नावं ठेवतात.

दहा-बारा शब्द मी प्रवासातच वहीत लिहून घेतले होते. आयाम म्हणजे कोंबडी, इकान मासा, उदांग कोळंबी, सोतोंग माकूल, तलोर अंडं, काम्बिंग बकरा. 'दागिंग' म्हणजे मांस, आणि नुसतं दागिंग म्हटलं तर बहुधा गोमांस, 'बाबी' म्हणजे डुक्कर. ज्यांना टाळायचं असेल त्यांनी हे दोन पाठच करावेत. ही यादी लेकीने माझ्याआधी तोंडपाठ केली. तिला त्याहून मजा वाटली ती ओळखीच्या शब्दांची. 'रासा' म्हणजे चव, आपला रस. 'गुला' म्हणजे साखर, आपला गूळ. आणि 'पुआसा' म्हणजे उपवास! हजार-दीड हजार वर्षांपूर्वी जहाजांतून संस्कृत शब्द इकडे आले आणि मलय तोंडात बसून गोल झाले.

पहिली संध्याकाळ लोरोंग बारूला, म्हणजे 'नवी गल्ली'ला. दिवसा साधा रस्ता, संध्याकाळी कडेने गाड्या लागतात. पिनांगला सप्टेंबर ते नोव्हेंबर पावसाचे महिने, हे वाचूनही आम्ही छत्र्या हॉटेलवर ठेवल्या होत्या. टेबल धरून बसतो न बसतो तोच असा पाऊस कोसळला, की आषाढात कोकणात असल्यासारखं वाटावं. गाडीवाल्यांना त्याचं काहीच नव्हतं. मोठ्या छत्र्या उघडल्या, टेबलं एकमेकांना चिकटवली, आणि आम्ही एका अनोळखी चिनी कुटुंबाच्या मांडीला मांडी लावून बसलो. त्यांच्या आजींनी सासूबाईंकडे बघून होक्कियनमध्ये काहीतरी विचारलं. त्यांच्या नातवाने उलगडून सांगितलं: जेवलात का, असं विचारते आहे. इथे भेटल्यावर हेच विचारतात. सासूबाईंनी मराठीत उत्तर दिलं, "नाही हो, अजून यायचंय." दोघींचं नीट जमलं.

समोरच्या गाडीवर चार क्वे तिओ चाललं होतं. तांदळाच्या रुंद, पातळ पट्ट्या कढईत परततात, एवढंच. पण बघत राहावं असं काम. काकांच्या पुढ्यात कोळशाची शेगडी आणि काळीकुट्ट कढई. एका वेळी एकाच ताटलीचा ऐवज. दहा ताटल्या मागितल्या तर दहा वेळा. आधी चरबी आणि लसूण, मग कोळंबी, मग पट्ट्या, त्यावर सोया सॉसची धार आणि मिरचीचा गोळा. सगळं एका बाजूला लोटायचं, मोकळ्या जागेत अंडं फोडायचं, ते अर्धवट जमलं की पट्ट्या त्यावर उलटायच्या. मग मोडाचे मूग, लसणाच्या पातीसारखी एक पात, आणि अगदी शेवटी तिसऱ्यांच्या जातीचे, पण आतून लालबुंद शिंपले. ते आचेवर फक्त टेकतात. शिजले की रबर. दीड-दोन मिनिटांत ताटली भरली. कढईची जी करपट-धुरकट चव लागते तिच्यासाठी रांग असते. गॅसवर ती येत नाही असं जुने लोक म्हणतात, आणि मला ते पटलं. ताटलीला ९ रिंगिट पडले. रिंगिट तेव्हा साधारण १९ रुपयांना होता.

ही चरबी डुकराची असते आणि बऱ्याच ठिकाणी वर चरबीचे कुरकुरीत तुकडेही घालतात, हे मात्र सांगून ठेवायला हवं. नवऱ्याने आणि लेकीने खाल्लं, मी चवीपुरतं घेतलं. सासूबाईंनी ताटली हाताने दूर सारली आणि पलीकडच्या तमिळ माणसाकडे गेल्या. तो छोट्या खोलगट मातीच्या भांड्यांत तांदळाच्या पिठाचे आपोम करत होता, कडेला जाळी, मधे लुसलुशीत, नारळाच्या दुधाचा वास. सासूबाईंना तो घावनाचा भाऊ वाटला. पाच खाल्ले, लाडवांचा डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. जालान मस्जिद कपितान केलिंग या रस्त्याच्या अवतीभवती १८१८ चं चर्च, कुआन यिन देवीचं चिनी देऊळ, १८३३ चं मारियम्मनचं कोविल आणि कपितान केलिंग मशीद अशी चारही देवस्थानं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत आहेत. पर्यटनाच्या पुस्तकांत त्याचं फार कौतुक असतं. आम्हाला त्या दिवशी वेगळंच दिसलं. कुआन यिनच्या देवळापुढे उदबत्त्यांच्या धुराने डोळे उघडत नव्हते आणि आसपासच्या शाकाहारी खाणावळींत बसायला जागा नव्हती. कारण साधं होतं. चिनी महिना अमावास्येला सुरू होतो. पहिला दिवस आणि पंधरावा दिवस, म्हणजे आपली अमावास्या-पौर्णिमा, या दिवशी अनेक भाविक मांसाहार सोडतात. कट्टर असतील ते कांदा-लसूणही वर्ज्य करतात. सासूबाईंची पौर्णिमा आणि या लोकांचा पंधरावा दिवस एकाच पंक्तीला!

खाणावळीतल्या बाईने आणखी एक सांगितलं. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस इथे नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. नऊ दिवस शाकाहार, पांढरे कपडे, आणि शाकाहारी गाड्यांवर पिवळे झेंडे. मी मोबाइलवर तारखा जुळवून पाहिल्या. दोन्हीकडची पंचांगं चांद्र आणि अधिक महिना घालणारी. त्यामुळे अधिकाचा घोळ नसेल तेव्हा हे नऊ दिवस आणि आपलं नवरात्र एकाच सुमाराला येतात. नुकत्याच झालेल्या नवरात्रातही तसंच झालं होतं. सासूबाईंनी हे फार शांतपणे ऐकलं, जणू त्यांना आधीच माहीत होतं.

मग जेवण आलं आणि शांतता संपली. पुढ्यात मासा. खवल्यांसारखी रेघोट्या असलेली काळी साल, आत पांढरं मांस, वर आल्याचा रस्सा.

"हे काय?"

सोयाबीनच्या पनीराचा मासा, साल समुद्रशैवालाची. शेजारच्या ताटलीत गव्हाच्या चिकाचं बदक.

"पौर्णिमेला मासे सोडायचे आणि माशाच्या आकाराचं खायचं? मग सोडलं काय?"

"आई, तू एकादशीला उपवासाची इडली करतेस," नवरा म्हणाला. "उपवासाचा डोसा. उपवासाचं थालीपीठ."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माशाची शेपटी मोडली आणि खाल्ली. आलं बरं होतं म्हणाल्या.

त्या रात्री सासूबाई खोलीवरच थांबल्या आणि आम्ही तिघं नासी कांदारला गेलो. नासी म्हणजे भात. कांदार म्हणजे खांद्यावरची काठी, जिच्या दोन टोकांना शिंकाळी असतात. म्हणजे आपली कावड. तमिळ मुसलमान फेरीवाले एका टोकाला भाताचं आणि दुसऱ्या टोकाला कालवणाचं भांडं टांगून बंदरात हमालांना जेवण विकत. कावड गेली, नाव राहिलं. लेबुह कॅम्पबेलवरची हमीदिया १९०७ पासून चालू आहे. रांगेत उभं राहायचं, काचेपलीकडे मांडलेल्या पातेल्यांकडे बोट दाखवायचं: तळलेली कोंबडी, माकूल, गाबोळी, भेंडी. खरी गंमत त्यानंतर. वाढणारा चार-पाच पातेल्यांतला रस्सा एकेक पळी भातावर ओततो, कोंबडीचा, माशाचा, डाळीचा, सगळा एकमेकांत. भरपूर हवा असेल तर म्हणायचं 'बांजिर'. बांजिर म्हणजे पूर. कोंबडीच्या रश्श्यात माशाचा रस्सा गेलेला आपल्या घरात कोणी सहन करेल? माझ्या आईने तर ताट उचललं असतं. पण तो पूर जिभेवर गेला की वेगवेगळे मसाले ओळखायचा नाद सुटतो. माझ्या मते पिनांगच्या इतिहासाचा धडा हाच, आणि तो वाचण्यापेक्षा भातावर ओतून घेतलेला बरा. लेकीच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने "अजून थोडा पूर."

तिसऱ्या दिवसाची सकाळ कोपीतियाममध्ये. इथल्या कॉफीच्या बिया साखर आणि मार्गारिनबरोबर भाजतात, त्यामुळे काळीभोर, किंचित कडवट-खमंग होते. मग ती लांब कापडी पिशवीतून गाळतात. आमच्या आजोळी चहा असाच फडक्यातून गाळत. नुसतं 'कोपी' म्हटलं की आटवलेलं गोड दूध घालून येते, 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, 'कोसोंग' म्हटलं तर काहीच नाही, 'पेंग' म्हणजे बर्फ. त्याबरोबर कोळशावर भाजलेला पाव आणि 'काया', म्हणजे नारळाचं दूध, अंडं, साखर आणि पांदानचं पान यांचा मऊ लेप. शेजारच्या टेबलावर रोती चनाई आणि तेह तारिक. चहा एका मगातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओढतात तो. आम्ही परत आल्यावर महिन्याभरातच मलेशियाची ही न्याहारीची पद्धत, म्हणजे नासी लमाक, रोती चनाई, तेह तारिक आणि एका टेबलावर बसणारी सगळी माणसं, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. पेपरात वाचून लेक म्हणाली, "म्हणजे आपण वारसा खाल्ला आणि पाव टेबलावर सांडला."

त्यानंतर बसने एअर इतामला, केक लोक सी बघायला. डोंगरउतारावरचं प्रचंड बौद्ध मंदिर. १८९० च्या सुमारास काम सुरू झालं. सात मजली पॅगोडाचा पाया चिनी घाटाचा, मधला भाग सयामी, कळस ब्रह्मी. रश्श्याचा पूर इमारतीतही. पायऱ्या पुष्कळ आहेत. वर कुआन यिनची ३० मीटरहून उंच कांस्यमूर्ती आहे. सासूबाई अर्ध्यावर बसल्या आणि खालून वर येणारा वास ओळखायचा प्रयत्न करू लागल्या.

तो वास लाक्साचा होता, आणि इतकं सगळं सांगितलं ते या वाडग्यापाशी येण्यासाठी.

पिनांगचा असाम लाक्सा नारळाच्या दुधाचा नव्हे. सिंगापूरचा खाल्ला असेल तर तो विसरायचा. 'असाम' म्हणजे आंबट, चिंचेलाही असाम म्हणतात. टेकडीच्या पायथ्याशी एका दुकानात मोठ्या पातेल्यात रस्सा खदखदत होता. काकूंनी वाडग्यात तांदळाच्या जाड, पांढऱ्या, गुळगुळीत शेवया घेतल्या, त्यावर रस्सा ओतला, पळीने शेवया अडवून तो परत पातेल्यात निथळला. पुन्हा ओतला, पुन्हा निथळला. चार वेळा. शेवया आतपर्यंत गरम व्हायला हव्यात आणि रश्श्याची चव त्यांना चिकटायला हवी. पाचव्यांदा ओतलेला रस्सा ठेवला. वर काकडी आणि अननसाच्या काड्या, कांदा, पुदिना, लाल मिरची आणि गुलाबी रंगाच्या एका फुलाचे बारीक काप. हे बुंगा कांतान, आल्याच्या कुळातल्या झाडाची कळी. वाडग्याच्या काठावर चमचा, चमच्यात डांबरासारखं काळं, गोडसर काहीतरी. ही कोळंबीची आटवलेली चटणी, नाव 'हे को'. वाडगा ७ रिंगिट.

सासूबाईंनी चमचा उचलला नाही. आधी नाक पुढे केलं, मग डोळे मिटून एक घोट.

"बांगडा आहे."

काकूंना विचारलं. इकान कम्बुंग, त्या म्हणाल्या, आणि कट्ट्याखालची टोपली दाखवली. निळसर-हिरवी पाठ, चंदेरी पोट, अंगावर ठिपक्यांची रांग. बांगडाच. तो उकडून, काटे काढून, कुस्करून रश्श्यात घालतात. म्हणूनच रस्सा दाट.

"आणि जवळा घातलाय. पण कुजवलेला."

तेही बरोबर. त्याला बलाचान म्हणतात. जवळ्याच्या जातीची बारीक कोळंबी मीठ लावून आंबवतात, कुटतात, वाळवून वड्या करतात. कच्ची असताना वास असा, की आमच्या इमारतीत शिजवली तर सोसायटीची सभा बोलावतील.

"चिंच आहे. पण नुसत्या चिंचेचं नाही हे आंबट." सासूबाई अडल्या. दोन घोट घेतले, तिसरा घेतला. लेक श्वास रोखून बघत होती. आजीचं हे रूप तिला नवीन होतं. "सोलं नाहीत. सोलं असती तर रंग आला असता. पण सोलांसारखंच काहीतरी आहे."

काकूंनी पातेल्यात झारा घालून एक काप वर काढला. तपकिरी, चामड्यासारखा, काठाला वाकलेला. असाम कपिंग. एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या. फळाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया अॅट्रोविरिडिस, हे मी तिथेच बसून शोधलं. आपलं कोकम गार्सिनिया इंडिका. एकाच कुळातली चुलत भावंडं. बांगडा, जवळा, चिंच, कोकमाचा भाऊ, मिरची, कांदा. श्रीवर्धनच्या स्वयंपाकघरातली फळी कोणी तरी उचलून इथे आणली आणि बरण्यांची जागा बदलून ठेवली होती. तिकडे या सगळ्याचं बांगड्याचं तिखलं होतं आणि भाताबरोबर जेवतात. इकडे अननस आणि पुदिना घालून शेवयांवर ओततात. अननसाला सासूबाईंनी शेवटपर्यंत माफ केलं नाही. "गोड कशाला त्यात?" असं म्हणत म्हणत वाडगा रिकामा केला आणि दुसरा मागवला, "अननस नको" हे हाताने खुणा करून सांगत.

दुपारी लेबुह केंग क्वीच्या तोंडाशी चेंडोल. बर्फाचा कीस, नारळाचं दूध, ताडगुळाचा पाक, उकडलेला राजमा आणि पांदानच्या रसाने हिरव्या झालेल्या पिठाच्या मऊ शेवया. इथली तिओच्यू चेंडोलची गाडी १९३६ पासूनची. लोक गल्लीत उभ्या उभ्या खातात. राजमा आणि बर्फ हे जोडीला कसे लागतील अशी शंका मला होती, लेकीला नव्हती. मालवणकडे शिरवाळे करतात, उकडलेल्या पिठाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस. त्यावर बर्फ टाकला तर हे होईल. जायफळाचं सरबतही प्यायलो. जायफळ म्हणजे बी. भोवतीचा आंबट-तुरट गर इथे सरबताला, मुरांब्याला, लोणच्याला वापरतात. मलयमध्ये जायफळाला 'पाला' म्हणतात, तेही आपल्या फळावरूनच आलेलं म्हणे. "आमच्या वाडीत दोन झाडं होती," सासूबाई म्हणाल्या. "तो गर आम्ही टाकून द्यायचो." हे वाक्य त्यांनी दिवसभरात तीनदा म्हटलं.

शेवटच्या सकाळी त्यांना बाजार बघायचा होता. बाजाराचं नाव पासार चौरस्ता, आणि चौरस्ता म्हणजे चौरस्ताच. ओल्या बाजारात मासळीच्या कट्ट्यापाशी त्या थांबल्या. एक बांगडा उचलला, अंगठ्याने कल्ला उघडला, आतला लाल रंग बघितला, पोटावर बोट दाबलं, बोटाचा खड्डा उरला नाही. मासे विकणारा माणूस काही न बोलता बघत होता. त्याने तो मासा परत घेतला आणि खालच्या बर्फातून दुसरा, जास्त ताजा काढून त्यांच्या पुढे धरला. घ्यायचा नव्हता, हे त्यालाही कळलं असणार. सासूबाईंनी मान डोलावली. तो हसला. आम्ही मग लोणच्यांच्या आळीत गेलो आणि असाम कपिंगची अर्ध्या किलोची पुडी घेतली. बलाचान घ्यायला मी ठाम नकार दिला.

पोफळ मात्र गावात दिसलीच नाही. दिसली ती परतीच्या वाटेवर, फेरीच्या धक्क्याजवळ, पिनांग राज्याच्या झेंड्यावर: निळा, पांढरा, पिवळा असे तीन उभे पट्टे आणि मधल्या पट्ट्यात हिरव्या टेकडीवर एक पोफळीचं झाड. लेकीने आजीचा फोटो काढला, मागे झेंडा. लाडवांचा डबा तेव्हा उघडला. बटरवर्थला गाडीची वाट बघत चौघांनी मिळून संपवला.

घरी आल्यावर पहिल्या बुधवारी बांगडे आणले. सासूबाईंनी निम्म्या तिखल्यात नेहमीची आमसुलं टाकली आणि निम्म्यात असाम कपिंगच्या चार चकत्या. दोन पातेली शेजारी शेजारी. दुपारी ताटात दोन्ही वाढली, कोणी काही विचारायच्या आत त्यांनी स्वतःच चाखलं.

"आंबट बरोबर आहे. रंग नाही."

उरलेली पुडी त्यांनी काचेच्या बरणीत भरली आणि फळीवर आमसुलांच्या बरणीशेजारी ठेवली.